सेकंड हँड मालाच्या दुकानाला नेमका कोणता परवाना लागतो?

जुने मोबाईल, वापरलेले फ्रीज-कपाटं, सेकंड हँड दुचाकी किंवा पुस्तकं घेऊन पुन्हा विकायचा धंदा काढायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो परवान्याचा. वॉर्ड ऑफिसात विचारलं तर सांगतात, गुमास्ता काढा. सीए म्हणतो, आधी जीएसटी नंबर. शेजारचा दुकानदार सल्ला देतो, पोलीस ठाण्यात कळवून ठेवा म्हणजे झालं. आणि एजंट म्हणतो, सगळं माझ्यावर सोडा, एकदाच पैसे द्या. चारही उत्तरांत थोडं थोडं खरं आहे. म्हणूनच माणूस जास्त गोंधळतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने दूरसंचार सायबर सुरक्षेच्या नियमांत दुरुस्ती केली आणि जुन्या फोनच्या खरेदी-विक्रीवर नवी जबाबदारी आली. त्याआधी जानेवारी 2025 पासून जुन्या गाड्यांच्या जीएसटीचा दर बदलला. 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागू झालं. कायदे एकामागून एक येत आहेत, पण ते एकत्र समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. धंदा सचोटीने करू पाहणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो, म्हणून हा लेख.

एकच परवाना का सापडत नाही

महाराष्ट्रात सगळ्या जुन्या मालाला पुरेल असा, 'सेकंड हँड मालाचा परवाना' या नावाचा एक कागद नाही. तामिळनाडूत 1985 पासून भंगार व्यापारी, जुन्या वस्तूंचे विक्रेते आणि गॅरेजवाले यांच्यासाठी स्वतंत्र परवाना कायदा आहे. स्कॉटलंडमध्ये 1982 च्या कायद्याखाली स्थानिक परिषद असा परवाना देते आणि देण्याआधी पोलिसांचं म्हणणं मागवते. तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाला हे दुकान टाकायचं असेल तर त्याला निदान अर्ज कुठे करायचा हे माहीत असतं.

आपल्याकडे मात्र सरकार वेगवेगळ्या खात्यांतून वेगवेगळे प्रश्न विचारतं. दुकान कुठे आहे आणि तिथे हा माल ठेवल्याने शेजाऱ्यांना धोका नाही ना, हा महापालिकेचा प्रश्न. कामाला किती माणसं आहेत, हा दुकान कायद्याचा. कर किती, हा जीएसटीचा. गाडी, फोन किंवा शंभर वर्षांची मूर्ती असे काही ठरावीक माल असतील तर त्या त्या खात्याचा वेगळा प्रश्न. आणि या सगळ्यांच्या वर पोलिसांचा एक प्रश्न असतो: हा माल तुमच्याकडे आला कुठून?

पहिल्या प्रश्नांची उत्तरं कागद काढून देता येतात. शेवटच्याचं उत्तर कोणत्याही खिडकीवर मिळत नाही, ते रोज दुकानात बसून स्वतः लिहावं लागतं. माझ्या मते या धंद्यातला खरा परवाना तोच, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो.

गुमास्ता: लागतो, पण पुरत नाही

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. सध्याचा कायदा 2017 चा. त्यानुसार चार-दोन माणसांच्या छोट्या दुकानाने धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, पूर्ण नोंदणी मोठ्या आस्थापनांना लागते. मुंबईत हे काम महापालिकेचं दुकाने व आस्थापना खातं पाहतं, बाकी ठिकाणी कामगार खातं.

हा कागद कामगारांच्या हितासाठी आहे: कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा. दुकानात जुना माल आहे की नवा, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. बँकेत चालू खातं उघडायला तो उपयोगी पडतो, पण 'माझ्याकडे गुमास्ता आहे, म्हणजे माझा माल कायदेशीर' असं म्हणणाऱ्याला पोलीस ठाण्यात त्याचा काडीचा उपयोग होत नाही. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी, हेही याच कायद्यातून येतं. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत घालून दिली होती, ती कधीच संपली आहे.

महापालिका कधी मध्ये येते

मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याचं कलम 394 आणि इतर महापालिकांत 1949 च्या कायद्याचं कलम 376, ही दोन कलमं लक्षात ठेवा. दोन्हींचा गाभा एकच: जो माल साठवल्याने किंवा जो उद्योग केल्याने आग लागू शकते, रोगराई पसरू शकते किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होऊ शकतो, त्याला महापालिकेचा परवाना लागतो.

त्यामुळे काचेच्या कपाटात वीस फोन ठेवणारं दुकान आणि रद्दी, चिंध्या, जुनं लाकूड, प्लास्टिक यांनी भरलेलं भंगाराचं गोदाम यांना एकच माप लागत नाही. गोदामवाल्याने जागा भाड्याने घेण्याआधीच वॉर्डात जाऊन चौकशी करावी. करारावर सही करून, अनामत भरून मग 'या जागेत हा परवाना मिळणार नाही' हे कळलं तर ते पैसे अडकलेच. निवासी इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा असेल तर सोसायटीची हरकत आणि जागेचा मंजूर वापर या दोन गोष्टी आधी पाहा.

गोदामाला 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याचंही भान हवं. त्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं. जुने फोन आणि लॅपटॉप यांच्या फुगलेल्या बॅटऱ्या एकाच खोक्यात कोंबून ठेवणाऱ्यांनी हे जरा गांभीर्याने घ्यावं. लिथियमची बॅटरी पेटली की बादलीभर पाण्याने विझत नाही.

तोलून माल घेणाऱ्या रद्दीवाल्याला आणि भंगारवाल्याला आणखी एक गोष्ट लागते: वैध मापन खात्याने पडताळून शिक्का मारलेला काटा. ही पडताळणी ठरलेल्या मुदतीत पुन्हा करून घ्यावी लागते.

आणि ज्यांना दुकानच नाही?

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथले अनेक विक्रेते जमिनीवर पथारी टाकून बसतात. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरते. यांना गुमास्ता मागणं गैरलागू आहे. त्यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीच्या सर्वेक्षणात नाव आलं की विक्री प्रमाणपत्र मिळतं. एका जागी बसणारे आणि फिरते, दोन्ही प्रकारचे विक्रेते त्यात धरलेले आहेत. जुन्या मालाची सगळ्यात मोठी साखळी याच लोकांच्या खांद्यावर उभी आहे, आणि अनेक शहरांत सर्वेक्षणं रखडल्यामुळे कागदाशिवाय राहिलेलीही हीच माणसं आहेत. नियम कडक करा म्हणणाऱ्यांनी आधी हे सर्वेक्षण पूर्ण करायला लावलं पाहिजे.

माल कोणता, त्यावर पुढचं ठरतं

*गाडी.* इथे मात्र खरोखरचा परवाना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे आरटीओकडून, प्राधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की ती दिल्याची सूचना पोर्टलवर जाते. त्यानंतर ती गाडी विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरची. बदल्यात डीलरला आरसीचं नूतनीकरण, ना-हरकत, मालकी हस्तांतर यांसाठी स्वतः अर्ज करता येतो. गाडी फिरवून दाखवली तर कुणी, किती किलोमीटर, कशासाठी, याची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत ठेवायची.

हे का आलं ते समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी मालक मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून गाडी डीलरकडे सोडायचा आणि मोकळा व्हायचा. गाडी पुढे दोन-तीन हातांतून जायची, पण आरसीवर नाव पहिल्याचंच. मग अपघात झाला की नुकसानभरपाईची नोटीस त्याच्या घरी. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. नव्या नियमाने ही मधली बेवारस पोकळी भरून काढली. तुम्ही गाडी विकणारे असाल तर समोरच्या डीलरकडे प्राधिकारपत्र आहे का हे नक्की विचारा, त्यात तुमचाच फायदा आहे.

*फोन.* प्रत्येक फोनला 15 आकडी आयएमईआय क्रमांक असतो. फोनवर \*#06# दाबलं की तो पडद्यावर येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक दिसतात. हरवलेल्या आणि चोरीच्या फोनची देशभराची यादी केंद्राच्या सीईआयआर या व्यवस्थेत असते. मे 2023 मध्ये सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवर ती सगळ्यांसाठी खुली झाली. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस 14422 वर पाठवला तरी फोनची स्थिती कळते. काळ्या यादीतला फोन असेल तर तो घेऊच नका, मग किंमत कितीही पडती असो. ऑक्टोबर 2025 च्या दुरुस्तीने जुन्या फोनच्या व्यापाऱ्यावर ही पडताळणी जबाबदारी म्हणून टाकली आहे.

आयएमईआय बदलून देणारे काही दुरुस्तीवाले असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. 2023 च्या दूरसंचार कायद्यात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं घाऊक प्रमाणात दुरुस्त करून विकणार असाल तर 2022 चे ई-कचरा नियम आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरची नोंदणी हा वेगळा विषय आहे. सूक्ष्म उद्योगांना त्यातून वगळलेलं आहे, म्हणून उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून ठेवलेली बरी. ती मोफत असते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर ते पैसे सरकारचे नव्हेत.

*पुरातन वस्तू.* मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, जुनी घड्याळं, ग्रामोफोन, पितळी मूर्ती मांडलेल्या असतात. त्यांपैकी शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुन्या घरांतून निघालेल्या मूर्ती घेणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. मूर्ती देवळातली निघाली तर प्रकरण फक्त परवान्यावर थांबत नाही.

पुस्तकं, कपडे, लाकडी सामान यांना असं वेगळं प्राधिकारपत्र नाही. छापील पुस्तकांवर तर जीएसटीही नाही.

खरी मेख: माल चोरीचा निघाला तर?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे मालकी नसते, म्हणून चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी तुम्हाला मिळत नाही. तुम्ही पूर्ण पैसे दिलेत, मनात काही पाप नव्हतं, भर बाजारात सगळ्यांसमोर घेतलंत, याने फरक पडत नाही. इंग्लंडात उघड्या बाजारात घेतलेल्या मालाला संरक्षण देणारा एक जुना नियम होता, तोही 1994 मध्ये रद्द झाला. आपल्या कायद्यात तो नव्हताच. 'बाजारातून घेतलं, म्हणजे आपलं झालं' ही समजूत मात्र इथे घट्ट आहे.

मग होतं काय? पोलीस संशयित चोर पकडतात. तो सांगतो, अमुक दुकानात विकला. पोलीस तुमच्याकडे येतात, पंचनामा करतात आणि वस्तू मुद्देमाल म्हणून जप्त करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 ने त्यांना तो अधिकार दिलेला आहे. वस्तू पुढे कोर्टाच्या हुकुमाने मूळ मालकाला परत जाते. तुमचे पैसे बुडाले. ते तुम्ही विकणाऱ्याकडून वसूल करू शकता, कारण त्याने विकण्याचा हक्क असल्याची हमी दिलेली असते. पण त्यासाठी तो कोण होता, राहतो कुठे, हे तुम्हाला माहीत हवं ना! तुम्ही ती वस्तू आधीच पुढे विकली असेल तर जप्ती तुमच्या गिऱ्हाइकाकडे होते आणि ते त्याच हमीच्या जोरावर पैसे मागायला तुमच्या दारात येतं.

इथपर्यंत फक्त नुकसान झालं. याच्या पुढे गुन्हा सुरू होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 317 चोरीचा माल घेण्याबद्दल आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून भादंविचं 411 असतं, 1 जुलै 2024 पासून त्याची जागा 317 ने घेतली. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. असा व्यवहार सवयीने करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपही होऊ शकते. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 124 आहेच: संशयास्पद माल सापडला आणि तो कुठून आला याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही, तर तेवढ्यावरही कारवाई होते.

सगळी लढाई त्या 'सबळ कारण' या दोन शब्दांवर होते. चाळीस हजारांचा फोन चार हजारांत का मिळाला? विकणाऱ्याला स्वतःचा फोन उघडता येत नव्हता, तरी का घेतला? चार्जर नाही, खोकं नाही, बिल नाही, आणि वर तो घाई करत होता, तरी शंका आली नाही? या प्रश्नांना कोर्टात तोंडी उत्तरं देऊन फार उपयोग नसतो. खरेदीच्या दिवशी लिहिलेला कागद बोलतो.

नोंदवही कशी लिहायची

शेतजमीन घेताना आपण विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जात नाही, सातबारा आणि फेरफार पाहतो. जमीन कुणाकडून कुणाकडे आली याची ओळ न ओळ तिथे असते. जुन्या मालाच्या दुकानातली खरेदी-नोंदवही म्हणजे त्या वस्तूचा फेरफार.

बहुतेक दुकानांत नोंद अशी दिसते: 'सॅमसंग मोबाईल 1 नग, 6,000.' ही नोंद असून नसल्यासारखी, कारण त्या रकान्यात कोणताही सॅमसंग बसेल. तीच नोंद अशी हवी: तारीख आणि वेळ, सॅमसंग, मॉडेलचं नाव, काळा, मागच्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा, दोन्ही आयएमईआय, यादीत तपासला, दोष नाही, विकणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाईल, कोणतं ओळखपत्र पाहिलं, मूळ बिल आहे किंवा नाही, 6,000 रुपये यूपीआयने, व्यवहार क्रमांक, 'हा फोन माझ्या मालकीचा असून त्यावर कुणाचा हक्क नाही' या ओळीखाली विकणाऱ्याची सही. पुढे फोन विकला की त्याच ओळीत विक्रीच्या बिलाचा क्रमांक.

फोनच्या बाबतीत एक साधी सवय लावून घ्या. विकणाऱ्याला तुमच्या समोर, स्वतःच्या हाताने फोन उघडायला सांगा, गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडायला सांगा आणि मग फोन रीसेट करायला लावा. मालकाला हे दोन मिनिटांत जमतं. ज्याला पासवर्ड आठवत नाही, जो 'भावाचा फोन आहे, तो गावी गेलाय' म्हणतो, त्याला भाऊ आल्यावर यायला सांगा. शिवाय हे न करता घेतलेला फोन नंतर कुलूप लागून तुमच्याच कपाटात पडून राहतो, तो तोटा वेगळाच.

पैसे शक्यतो बँकेतून द्या. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही, हे एक कारण. दुसरं कारण जास्त मोलाचं: यूपीआयचा व्यवहार विकणाऱ्याची ओळख आपोआप पक्की करतो.

ही वही ठेवणं अनेक ठिकाणी ऐच्छिक राहिलेलं नाही. बऱ्याच जिल्ह्यांत आणि आयुक्तालयांत जुने मोबाईल, सिमकार्ड आणि वाहनं यांच्या विक्रेत्यांनी नोंदवही ठेवावी असे मनाई-आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी संहितेच्या कलम 144 खाली निघत, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. असा आदेश साधारणपणे दोन महिने टिकतो आणि मग नव्याने निघतो. त्यामुळे 'मागच्या वर्षी होता, आता नाही' किंवा उलट, अशी गफलत होते. तुमच्या हद्दीत सध्या आदेश आहे का, हे पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. पण आदेश असो वा नसो, वही ठेवाच.

जीएसटी: पूर्ण किमतीवर की नफ्यावर?

वस्तूंच्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. माल राज्याबाहेर विकायचा असेल तर मात्र ही सवलत नाही.

नोंदणी झाल्यावर जुन्या मालाला एक खास सोय आहे, तिला मार्जिन योजना म्हणतात. जीएसटी नियम 32(5) नुसार, वस्तू तशीच किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकली आणि खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर कर फक्त खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर लागतो. फोन 8,000 ला घेतला, 11,000 ला विकला, तर 18 टक्के कर 3,000 वर, म्हणजे 540 रुपये. पूर्ण किमतीवर धरला असता तर 1,980 झाले असते. तोट्यात विकला तर कर शून्य.

छोट्या दुकानदाराने आणखी एक गणित करून पाहावं. कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला उलाढालीच्या 1 टक्का कर भरावा लागतो. वरच्या उदाहरणात तो होतो 110 रुपये. नफ्याचं प्रमाण जास्त असेल तर कंपोझिशन स्वस्त पडतं, अगदी कमी असेल तर मार्जिन. मात्र कंपोझिशनमध्ये गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि माल राज्याबाहेर विकता येत नाही. सीएकडे जाताना आपला सरासरी नफा किती हा आकडा घेऊन जा, नाहीतर तो सगळ्यांना एकच साचा लावतो.

गाड्यांबाबत डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेचा निर्णय आला तेव्हा मोठी घबराट उडाली. बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावर 18 टक्के कर, असे हिशेब व्हॉट्सॲपवर फिरले. ते चूक होते. तोट्यावर कर लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्या सामान्य माणसाने स्वतःची गाडी विकली तर जीएसटीचा संबंधच येत नाही. बदल इतकाच झाला की 16 जानेवारी 2025 पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर, इलेक्ट्रिक गाड्यांसह सगळ्या जुन्या गाड्यांना, 18 टक्के हा एकच दर आला.

'ओळखपत्र मागितलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं'

ही तक्रार खरी आहे. पण जे गिऱ्हाईक नाव सांगायला तयार नाही, त्याचा माल शेजाऱ्याला लखलाभ. अडचण येते ती सरळ माणसाची, ज्याला आधारची प्रत द्यायची भीती वाटते. त्याची भीतीही रास्त आहे. त्याला शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार चालेल, किंवा वाहन परवाना चालेल असं सांगा. प्रतीवर 'फक्त फोन विक्रीसाठी' असं लिहून तारीख टाका. आणि त्या प्रती काउंटरवर उघड्या ठेवू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच मागवू नका. लोकांची कागदपत्रं सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारीही 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यामुळे वाढत जाणार आहे.

'मी घरूनच ऑनलाइन विकतो, मला काय लागतं?'

स्वतःच्या घरातला जुना सोफा विकणं हा धंदा नाही, त्याला काहीच लागत नाही. पण विकण्यासाठीच माल घेत असाल तर तो धंदा आहे, मग दुकानाला शटर असो वा नसो. कलम 27 आणि कलम 317 यांना पत्ता लागत नाही. उलट ऑनलाइन व्यवहारात माणूस समोर नसतो, म्हणून नोंद जास्त काटेकोर हवी. गप्पांचे स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती, पैसे दिल्याचा पुरावा हे सगळं त्या वस्तूच्या नोंदीला जोडून ठेवा.

'सगळे कागद आहेत, मग पोलीस येणार नाहीत ना?'

येतील. माल चोरीचा निघाला तर जप्तीही होईल. नोंदवही जप्ती थांबवत नाही, ती तुम्हाला आरोपीच्या रांगेतून साक्षीदाराच्या रांगेत आणते. हा फरक किती मोठा आहे हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. पोलीस आले की वही दाखवा, तिची प्रत द्या, मूळ वही जप्त केली तर पंचनाम्यात पानांची संख्या लिहून घ्या आणि पंचनाम्याची प्रत मागा. विकणाऱ्याची माहिती तुम्ही आपणहून दिलीत हे लेखी कळवून पोच घ्या. आणि प्रकरण 'परस्पर मिटवून टाकू' म्हणत कुणी पैसे मागितले तर ते देऊ नका, त्या पैशाची पावती कुठेच मिळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्राने या धंद्यासाठी एक साधा, स्वस्त, ऑनलाइन नोंदणीचा कायदा करावा: एकच नमुना नोंदवही, सगळ्या हद्दींत एकच नियम, आणि ती प्रामाणिकपणे ठेवणाऱ्याला 'सद्‌हेतूने घेतलं' हे सिद्ध करण्यासाठी तिचा स्पष्ट आधार. आज दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या आदेशांवर हे काम चालतं आणि त्याचा जाच नियम पाळणाऱ्यालाच होतो. मात्र त्या कायद्यात बोहारीण आणि फेरीवाला रद्दीवाला यांना जाचक अटींतून वगळलं पाहिजे, नाहीतर मोठ्या दुकानांसाठी केलेल्या कायद्याचा दंडुका पहिल्यांदा त्यांच्याच पाठीत बसेल.

अर्ज अडकला तर

तोवर आहे त्या व्यवस्थेत काम करायचं आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. अर्ज ऑनलाइन करा, क्रमांक जपून ठेवा. मुदतीत उत्तर आलं नाही तर त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मिळायला हवं. 'तोंडी सांगितलं, होणार नाही' हे उत्तर धरू नका. नकार कागदावर मागा आणि त्याच कागदाला जोडून अपील करा.